फेडरल अपील्स कोर्टाचा जज कसं होतात, आणि झाल्यावर दिवसभर करतात काय

ताई, तुम्ही विचारलंय की तुमची लेक इथे अमेरिकेतच, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला जन्मली-वाढली, यंदा लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षाला गेली आणि तिने घरी जाहीर केलं की मला फेडरल अपील्स कोर्टाची जज व्हायचंय, तर त्याला परीक्षा कोणती, वयाची अट काय, पगार किती आणि आपल्यासारख्यांच्या मुलांना हे जमतं का. मी शिकागोत अपील्सचीच वकिली करतो, आणि अगदी सुरुवातीला एका सर्किट जजकडे (फेडरल अपील्स कोर्टाच्या जजला सर्किट जज म्हणतात) वर्षभर क्लर्क होतो, म्हणजे कारकून नव्हे, जजला वाचन-लिखाणात मदत करणारा तरुण वकील, त्यामुळे हे काम आतून पण बघितलंय आणि समोर उभं राहून पण. आतल्या केसेसबद्दल बोलता येत नाही, ते आयुष्यभर गोपनीय असतं, पण काम कसं चालतं ते सांगता येतं. सविस्तर लिहितो, कारण या पदाबद्दल आपल्या लोकांत फार अर्धवट माहिती फिरते.

आधी परीक्षेचं. परीक्षा नाहीये. आपल्याकडे एमपीएससीची सिव्हिल जजची परीक्षा देऊन पोरं पंचविशीत जेएमएफसी, म्हणजे खालच्या कोर्टाचे मॅजिस्ट्रेट होतात, मग बढती घेत घेत डिस्ट्रिक्ट जज, आणि त्यातले थोडे हायकोर्टापर्यंत पोचतात. इथे फेडरल कोर्टात तशी केडरच नाही. राज्यघटनेत फेडरल जजसाठी ना वयाची अट आहे ना लॉच्या डिग्रीची, एवढंच लिहिलंय की राष्ट्राध्यक्ष नाव देणार आणि सिनेट त्यावर मत देणार. आपल्या घटनेत हायकोर्टासाठी निदान दहा वर्षं वकिली किंवा न्यायिक पदावरची नोकरी लागते आणि नावं कॉलेजियम ठरवतं, म्हणजे जजच जज निवडतात, इथे निवड सरळ सरळ राजकीय लोकांच्या हातात. काही राज्यांत सिनेटर कमिटी नेमतात, तिथे फॉर्म भरता येतो, पण तो मुख्यतः खालच्या डिस्ट्रिक्ट कोर्टासाठी. सर्किटच्या जागेसाठी खरा शब्द व्हाइट हाउसचा असतो, आणि तिथून फोन येईल याची तयारी कुणाला ठरवून करता येत नाही.

कोर्टाची रचना थोडक्यात सांगतो. खाली ९४ डिस्ट्रिक्ट कोर्टं, तिथे साक्षीपुरावे होतात, ज्युरी बसते. त्यावर १३ अपील्स कोर्टं, त्यातली ११ नुसत्या नंबरची सर्किट्स (सर्किट म्हणजे काही राज्यांचा मिळून एक विभाग), एक डीसी सर्किट आणि एक फेडरल सर्किट जिथे पेटंटसारखे विषय जातात. वर सुप्रीम कोर्ट. ही अपील्स कोर्टं १८९१ च्या कायद्याने आली आणि आज सगळ्या देशात मिळून त्यांच्या मंजूर जागा आहेत फक्त १७९. सॅन फ्रान्सिस्कोवाल्या नाइन्थ सर्किटला २९ आणि बॉस्टनच्या फर्स्ट सर्किटला ६. तुमचं इलिनॉय सेव्हन्थमध्ये येतं, सोबत इंडियाना आणि विस्कॉन्सिन, जागा ११. (कोल्हापूरला २०२५ मध्ये जे सर्किट बेंच सुरू झालं ते बॉम्बे हायकोर्टाचंच बेंच आहे, त्याच्याशी याचा संबंध नाही, कारण कोल्हापूरच्या एका वाचकाने मला हेच विचारलं होतं.)

आता या १७९ जागांना एवढं महत्त्व का. सुप्रीम कोर्ट वर्षाला साठ-सत्तर केसेस ऐकतं, आणि अपील्स कोर्टांत वर्षाला साधारण चाळीस हजार अपिलं दाखल होतात. म्हणजे ज्याचं अपील इथे फेटाळलं गेलं त्याच्यासाठी गोष्ट संपली, वर जायचा दरवाजा कागदावर उघडा असतो पण आत जायला मिळत नाही. आपल्याच घरातलं उदाहरण घ्या. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलांना शिक्षण झाल्यावर जे ओपीटी, म्हणजे काही काळ काम करायची परवानगी, मिळतं, त्याला आणि स्टेम डिग्रीवाल्यांच्या जादा मुदतीला कोर्टात चॅलेंज केलं होतं, डीसी सर्किटने २०२२ मध्ये ते चॅलेंज फेटाळलं आणि पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने केस घ्यायलाच नकार दिला. एच-४ वरच्या, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या बायकांच्या वर्क परमिटचं पण तसंच, २०२४ च्या ऑगस्टमध्ये डीसी सर्किटने ते टिकवलं आणि २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हात घातला नाही. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत किती मराठी घरांचं गणित या दोन निकालांवर उभं आहे ते तुम्हाला सांगायला नको, आणि ते दोन्ही निकाल प्रत्येकी तीन जजच्या पॅनलने दिले, ज्यांची नावं आपल्यातल्या शंभरात एकालाही सांगता येणार नाहीत. या पदाची ताकदही अशी आणि निनावीपणाही असा, मुलीला दोन्ही हवं असेल तरच यात पडावं.

मग लोक पोचतात कसे? दोन भारतीय वंशाच्या जजचं करिअर शेजारी शेजारी ठेवून सांगतो, कारण रस्ते अगदी वेगळे आहेत. श्री श्रीनिवासन, जन्म चंदीगडचा १९६७ चा, लहानपण कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात, वडील तिथल्या युनिव्हर्सिटीत गणिताचे प्रोफेसर. स्टॅनफर्डला बीए, मग तिथेच लॉ आणि एमबीए एकत्र. आधी फोर्थ सर्किटचे जज विल्किन्सन यांच्याकडे क्लर्क, मग सुप्रीम कोर्टात जस्टिस ओकॉनर यांच्याकडे क्लर्क. त्यानंतर आलटून पालटून मोठी लॉ फर्म आणि सॉलिसिटर जनरलचं ऑफिस, म्हणजे सरकारच्या वतीने सुप्रीम कोर्टात उभं राहणारे वकील, आणि स्वतः वीसहून जास्त केसेस तिथे आर्ग्यू केलेल्या. २०१३ च्या मे महिन्यात डीसी सर्किटसाठी सिनेटमध्ये ९७ विरुद्ध ० मतांनी पास. सर्किट कोर्टावर बसलेले ते पहिले दक्षिण आशियाई वंशाचे जज, शपथ भगवद्गीतेवर हात ठेवून घेतली आणि ती द्यायला ओकॉनर बाईच आल्या होत्या. २०२० मध्ये ते त्या कोर्टाचे चीफ जज झाले.

दुसरे अमूल थापर. जन्म मिशिगनचा, वाढले ओहायोत टोलीडोला, लॉ बर्कलीला. हे सुप्रीम कोर्टाच्या क्लर्कशिपच्या वाटेने गेले नाहीत, फेडरल प्रॉसिक्यूटर झाले, २००६ मध्ये ईस्टर्न केंटकीचे यू एस अटर्नी, म्हणजे तिथले मुख्य फेडरल सरकारी वकील झाले आणि २००८ च्या सुरुवातीला तिथल्याच डिस्ट्रिक्ट कोर्टावर जज, फेडरल जज झालेले पहिले दक्षिण आशियाई वंशाचे. नऊ वर्षं ट्रायल चालवल्यावर २०१७ मध्ये सिक्स्थ सर्किटवर गेले, मतं ५२ विरुद्ध ४४. हे ९७-० आणि ५२-४४ मधलं अंतर बघून ठेवा, चार वर्षांत काय बदललं ते पुढे येतंच. डीसी सर्किटवर निओमी राव पण आहेत, पारशी कुटुंबातल्या, प्रोफेसर होत्या, मग सरकारात, आणि २०१९ मध्ये कॅव्हनॉ सुप्रीम कोर्टात गेल्यावर त्यांच्या रिकाम्या जागी आल्या. आणि तुमच्याच सेव्हन्थ सर्किटवर २०२१ मध्ये कँडेस जॅक्सन-अकिवुमी आल्या, त्या अनेक वर्षं फेडरल डिफेंडर होत्या, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींच्या वतीने लढणाऱ्या. पूर्वी या वाटेने फार कमी लोक वर जायचे, प्रॉसिक्यूटरच जास्त, त्यामुळे मला स्वतःला ही नेमणूक फार महत्त्वाची वाटली, कारण तीन जणांच्या खोलीत एकाने तरी जेलच्या काचेपलीकडून क्लायंटशी बोललेलं असावं.

आता वेळ आणि राजकारण, कारण इथे चांगली चांगली माणसं अडकलीत. एलिना केगन यांना क्लिंटननी १९९९ मध्ये डीसी सर्किटसाठी नाव दिलं, सिनेटने सुनावणीच घेतली नाही, नाव तसंच विरलं. जॉन रॉबर्ट्स यांचं नाव १९९२ मध्ये आलं, ते पण विरलं, मग २००१ मध्ये परत दिलं आणि २००३ मध्ये कुठे खुर्ची मिळाली. मिगेल एस्त्रादा यांचं नाव २००१ च्या मे महिन्यात आलं, ते दोन वर्षांवर अडकून पडलं, विरोधी पक्षाने फिलिबस्टर करून, म्हणजे चर्चा संपूच न देता, मतदान होऊ दिलं नाही, शेवटी २००३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी नाव मागे घेतलं. यातले रॉबर्ट्स आज चीफ जस्टिस, केगन सुप्रीम कोर्टात, आणि एस्त्रादा कधीच जज झाले नाहीत. तिघांच्या बुद्धीत काही कमीजास्त नव्हतं, फरक पडला तो सिनेटमध्ये त्या वेळी बहुमत कुणाचं आणि कोण किती चिडलेलं याने. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये सिनेटने नियम बदलला, आता सर्किट जजच्या नावावरची चर्चा संपवायला ६० मतं लागत नाहीत, साधं बहुमत पुरतं. आणि पूर्वी उमेदवाराच्या राज्यातल्या सिनेटरची निळी चिठ्ठी, ब्लू स्लिप म्हणतात तिला, आली नाही तर गाडी पुढे जात नसे, ती सर्किटच्या जागांसाठी ट्रम्पच्या पहिल्या कारकिर्दीत बंद झाली आणि बायडनच्या काळात पण परत आणली नाही. त्यामुळे आता ज्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष त्याचंच सिनेट असेल तर नावं भराभर पास होतात पण मतं जवळजवळ पक्षाप्रमाणे पडतात, ९७-० आता दिसणं कठीण. हा बदल कोर्टासाठी चांगला झाला असं मला वाटत नाही, कारण साठ मतं गोळा करायची असली की दोन्हीकडच्यांना चालेल असं माणूस शोधावं लागायचं.

कन्फर्मेशनच्या, म्हणजे सिनेटच्या मंजुरीच्या आधी एफबीआय शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतं, सिनेट एक लांबलचक प्रश्नावली देतं ज्यात आयुष्यात लिहिलेला प्रत्येक लेख, दिलेलं प्रत्येक भाषण, महत्त्वाच्या केसेस, समोरचे वकील कोण होते, सगळं भरायचं. समोरच्या वकिलांना खरंच फोन जातात बरं का. त्यामुळे केस जिंकताना समोरच्याशी तुम्ही कसे वागलात हे वीस वर्षांनी निघू शकतं, आणि मला ही पद्धत मनापासून पटते.

आता खरं काम, ज्याबद्दल कुणी विचारत नाही. अपील्स कोर्टात साक्षीदार नाही, ज्युरी नाही, नवा पुरावा चालत नाही. खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड आणि दोन्ही बाजूंच्या ब्रीफ, म्हणजे लेखी युक्तिवाद, मुख्य ब्रीफला सहसा १३,००० शब्दांची मर्यादा, त्यात जे मांडायचं ते मांडा. जजचा दिवस म्हणजे वाचन. सकाळी वाचन, दुपारी वाचन, रात्री घरी नेऊन वाचन, मग लिखाण. ज्याला लोकांत रमायला आवडतं, कोर्टरूममधली धावपळ आवडते त्याने डिस्ट्रिक्ट जज व्हावं. मी ज्यांच्याकडे होतो त्यांच्या चेंबर्समध्ये आठवडे असे जायचे की बाहेरचं माणूस फिरकायचं नाही, चार क्लर्क, एक असिस्टंट आणि कागद.

केस आली की क्लर्क बेंच मेमो, म्हणजे जजसाठी केसचं टिपण, तयार करतो, बऱ्याच जजकडे तशी पद्धत आहे, काही जज मेमो घेतच नाहीत. मग पहिला प्रश्न कायम एकच, की आम्ही हे कुठल्या नजरेने तपासायचं? कायद्याचा मुद्दा असेल तर कोरी पाटी, खालच्या जजचं मत मानायची गरज नाही. घटना काय घडली याबद्दल असेल तर खालच्याने साक्षीदार प्रत्यक्ष बघितलेत, त्यामुळे धडधडीत चूक असल्याशिवाय हात लावायचा नाही. तारखा देणं, पुरावा आत घेणं असल्या गोष्टींत तर खालच्या जजला बरीच मोकळीक. नव्या वकिलांना हे कोरडं वाटतं, पण बरीच अपिलं इथेच ठरतात. "मी असतो तर वेगळा निकाल दिला असता" आणि "त्याने दिला तो बेकायदा आहे" यातलं अंतर रोज पाळायचं, हा या नोकरीचा खरा संयम आहे. चांगला सर्किट जज तोच जो स्वतःला न आवडलेला निकाल कायम करून शांत झोपू शकतो.

आर्ग्युमेंट, म्हणजे वकिलांचा तोंडी युक्तिवाद, सगळ्या केसेसमध्ये होत नाही, बऱ्याच सर्किट्समध्ये मोठा हिस्सा नुसत्या कागदावर निकालात निघतो. सेव्हन्थ सर्किट यात वेगळं आहे, दोन्हीकडे वकील असतील तर इथे सहसा आर्ग्युमेंट मिळतंच, आणि पॅनलवर कोण तीन जज आहेत ते त्याच दिवशी सकाळी कळतं. शिकागोत हे कोर्ट भरतं त्या डर्कसन बिल्डिंगच्या २७ व्या मजल्यावर यादी लागते तेव्हा वकिलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. प्रत्येक बाजूला वेळ थोडा, दहा-पंधरा मिनिटं, लेक्टर्नवर हिरवा, पिवळा, लाल दिवा. आपल्याकडे हायकोर्टात फायनल हिअरिंग दिवसेंदिवस चालते, इथे तिसऱ्या वाक्याला जज मध्ये बोलतो आणि पुढची सगळी मिनिटं तोच बोलतो. लोकांना वाटतं जज वकिलाला प्रश्न विचारतोय, बऱ्याच वेळा तो वकिलाच्या तोंडून शेजारच्या जजला काहीतरी ऐकवत असतो, कारण केसबद्दल तिघांचं आपापसात नीट बोलणं होतं ते यानंतरच.

आर्ग्युमेंटनंतर तिघं खोलीत जातात. क्लर्क नाहीत, कुणीच नाही. बऱ्याच ठिकाणी सगळ्यात ज्युनिअर जजने आधी बोलायचं असा रिवाज आहे, म्हणजे सिनिअरच्या दबावाखाली मत बदलायला नको. बहुमत ठरलं की त्यातला सिनिअर जज ओपिनियन, म्हणजे निकालपत्र, कुणी लिहायचं ते सांगतो. आणि इथून पुढे या करिअरचा गाभा सुरू होतो, तो म्हणजे दोघांना सोबत ठेवणं. तुम्ही लिहिलेलं मसुदा-ओपिनियन दोघांकडे जातं, एक म्हणतो चौथा भाग काढ तर मी सही करतो, दुसरा म्हणतो तिसरा भाग आणखी कडक कर. एकट्याचं मत कितीही हुशार असलं तरी त्याला किंमत शून्य, दुसरी सही मिळाली की तो तीन राज्यांसाठी कायदा होतो. माझे जज एका परिच्छेदासाठी सहकाऱ्याशी कितीही दिवस पत्रव्यवहार करायचे, आवाज न चढवता, आणि शेवटी छापून यायचं त्यात त्यांचं आवडतं वाक्य नसायचं. क्लर्क म्हणून तेव्हा जीव तुटायचा, पण पुढे वकिलीत मीच तो निकाल वापरला तेव्हा कळलं की ते वाक्य नसल्यामुळेच तो निकाल टिकला. तिसरा पटलाच नाही तर विरोधी मत लिहितो, डिसेंट. मग कधी सगळ्या सर्किटने मिळून बसायची मागणी येते, एन बाँक म्हणतात, आपल्या फुल बेंचसारखं, पण ते क्वचित. नाइन्थ सर्किट एवढं मोठं आहे की तिथे एन बाँकला पण अकराच बसतात.

गाजलेले सर्किट जज लर्नेड हँड यांचं नाव मुलीला लॉ स्कूलमध्ये पहिल्याच वर्षी भेटेल. १९०९ मध्ये सदतिसाव्या वर्षी न्यू यॉर्कला डिस्ट्रिक्ट जज, १९२४ मध्ये सेकंड सर्किट, १९५१ मध्ये पूर्णवेळ कामातून मोकळे झाले तरी काम चालूच, १९६१ मध्ये गेले तेव्हा ८९ वर्षांचे. सुप्रीम कोर्टासाठी नाव कित्येकदा चर्चेत आलं, मिळालं कधीच नाही. १९१७ मध्ये युद्धाच्या गरमागरमीत एका डाव्या मासिकाला पोस्टातून पाठवायला सरकारने बंदी केली, हँडनी मासिकाच्या बाजूने निकाल दिला आणि वरच्या कोर्टाने तो लगेच उलटवला. पण नुसती टीका आणि गुन्ह्याला थेट चिथावणी यात त्यांनी जो फरक केला होता, त्याच्या फार जवळचं तत्त्व सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्ये स्वीकारलं. हँड तेव्हा जाऊन आठ वर्षं झाली होती. १९४७ ची त्यांची एक केस आहे, बंदरातून सुटून गेलेल्या एका बार्जची (माल वाहणाऱ्या सपाट बोटीची), त्यात त्यांनी निष्काळजीपणा मोजायचं साधं गणित दिलं, की अपघाताची शक्यता गुणिले होणारं नुकसान हे खबरदारीच्या खर्चापेक्षा जास्त असेल तर खबरदारी घ्यायलाच हवी होती. देशभरातल्या लॉच्या पहिल्या वर्षात ते अजून शिकवतात, आणि केस काय तर एका बार्जची. सर्किट जजकडे येणारा माल असाच असतो, विमा, बंदर, टॅक्स, पेन्शन, डिपोर्टेशन. त्यात जीव ओतता येतो का, हा प्रश्न मुलीने स्वतःला विचारावा, कारण गर्भपात आणि बंदुकांच्या हक्कांसारख्या गाजणाऱ्या केसेस त्यामानाने थोड्याच.

त्याच कोर्टावर १९५९ पासून हेन्री फ्रेंडली होते, आधी पॅन अ‍ॅम विमान कंपनीचे मुख्य वकील. त्यांच्याकडे क्लर्क राहिलेल्यांत जॉन रॉबर्ट्स आणि बायडनच्या काळातले अटर्नी जनरल मेरिक गारलंड दोघं आहेत, राजकारणाने दोन टोकांना गेलेली माणसं एकाच्याच हाताखाली शिकली. मला वाटतं सर्किट जजचा वारसा मोजायचा तर निकालांइतकाच तो क्लर्कांमधून मोजावा.

आणि धैर्याचं बोलायचं तर फिफ्थ सर्किट. हे मी मुद्दाम जास्त लिहितो. १९५० आणि ६० च्या दशकात अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना, जॉर्जिया, टेक्सस, फ्लोरिडा सगळं एकाच सर्किटमध्ये होतं. सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्ये शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवला खरा, पण तो गावागावात लागू करायचं ओझं पडलं खालच्या फेडरल कोर्टांवर. टटल, विझडम, ब्राउन आणि राइव्ह्ज हे चार सर्किट जज, सगळे दक्षिणेतच राहणारे, त्यांनी ते उचललं. रिचर्ड राइव्ह्ज मॉन्टगोमरीचेच, १९५६ मध्ये तिथल्या बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या तीन जजच्या पॅनलवर ते आणि तरुण डिस्ट्रिक्ट जज फ्रँक जॉन्सन एका बाजूला, तिसरा विरोधात. दोन विरुद्ध एक. बसमधली सीट गोऱ्या माणसाला द्यायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्सच्या अटकेनंतर वर्षभर पायी चाललेल्या कृष्णवर्णीय लोकांचा बसवरचा बहिष्कार त्या निकालाने यशस्वी झाला, सुप्रीम कोर्टाने तो कायम केला. राइव्ह्जना मात्र स्वतःच्या गावात जुन्या मित्रांनी टाळलं. जॉन मायनर विझडमनी १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मिसिसिपी युनिव्हर्सिटीत प्रवेश द्यायचा निकाल लिहिला, त्याच कोर्टातला एक सहकारी त्याला वारंवार स्थगिती देत राहिला, शेवटी सुप्रीम कोर्टाच्या जस्टिस ब्लॅकना मध्ये पडावं लागलं आणि सप्टेंबरअखेर कॅम्पसवर दंगल होऊन दोन माणसं गेली. न्यू ऑर्लिन्सच्या अपील्स कोर्टाच्या इमारतीला आज विझडमचंच नाव आहे. आयुष्यभराची नेमणूक आणि पगार कमी न करण्याची हमी घटनेत का आहे, हे मला पुस्तकातून नीट कळलं नव्हतं, या चौघांचं वाचल्यावर कळलं. आणि धोका जुन्या काळापुरता नाही, इलेव्हन्थ सर्किटचे रॉबर्ट व्हॅन्स १९८९ च्या डिसेंबरमध्ये घरी पोस्टाने आलेल्या बॉम्बने मारले गेले. जज व्हायचंय म्हणणाऱ्या मुलीच्या आईने हे माहीत असू द्यावं.

पैशाचं लवकर आटपतो. २०२४ मध्ये सर्किट जजचा पगार होता २,५७,९०० डॉलर. मोठ्या फर्ममध्ये लॉ स्कूलमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोराला त्याच सुमारास २,२५,००० मिळत होते, आणि पार्टनरचं तर विचारूच नका. म्हणजे पद मिळालं की मोठ्या फर्ममधून येणाऱ्या पार्टनरचं उत्पन्न निम्म्याच्या खाली येतं. बाहेर शिकवून मिळणाऱ्या पैशाला पण मर्यादा. कुठल्या कंपनीचा एक शेअर जरी स्वतःच्या किंवा नवऱ्या-बायकोच्या नावावर असला तरी त्या कंपनीची केस सोडावी लागते. राजकीय कार्यक्रम, देणग्या, फंडरेझर सगळं बंद, जुन्या वकील मित्रांशी जेवताना पण अर्धे विषय वर्ज्य. काही लोक सोडूनही जातात, फोर्थ सर्किटचे मायकल लुटिग २००६ मध्ये बोइंगचे मुख्य वकील झाले.

बदल्यात बदली नाही, आपल्या हायकोर्टासारखी ६२ ला रिटायरमेंट नाही. वय अधिक नोकरी मिळून ८० झालं, आणि वय किमान ६५, की सिनिअर स्टेटस घेता येतं, पूर्ण पगार चालू, काम कमी, आणि तुमच्या जागी नवा माणूस नेमता येतो. हे कधी घ्यायचं यावर बरंच राजकारण चालतं, आपल्या विचाराचा राष्ट्राध्यक्ष येईपर्यंत थांबणारे जज दोन्हीकडे आहेत. चीफ जज मात्र कुणी निवडत नाही, ६५ च्या आतला सगळ्यात सिनिअर जज आपोआप होतो, सात वर्षांसाठी. आयुष्यभराच्या नेमणुकीची दुसरी बाजू पण आहे. सेकंड सर्किटचे मार्टिन मँटन केसेसमध्ये पैसे खायचे, १९३९ मध्ये राजीनामा दिला आणि पुढे जेलमध्ये गेले. आणि वय झाल्यावर थांबायचं कुणी सांगायचं हा प्रश्न अजून सुटलेला नाही, फेडरल सर्किटच्या पॉलिन न्यूमन यांचा जन्म १९२७ चा, २०२३ मध्ये सहकाऱ्यांनीच त्यांना केसेस देणं बंद केलं आणि त्या विरोधात त्या कोर्टात लढल्या. आपल्याकडची ६२ ची मर्यादा फार लवकर आहे असं माझं मत, पण काहीच मर्यादा नसणं पण बरोबर नाही.

आता मुलीने काय करावं. खुर्चीचा प्लॅन करू नये, तो करता येत नाही, कामाचा करता येतो. पहिलं वर्ष मार्कांचं, त्याला पर्याय नाही, विशेषतः लीगल रायटिंग. दुसऱ्या वर्षानंतरच्या जूनमध्ये फेडरल क्लर्कशिपचे अर्ज ऑस्कर नावाच्या सरकारी सिस्टीमवर खुले होतात, सगळे जज ती तारीख पाळत नाहीत, काही आधीच घेतात, म्हणून प्रोफेसरांशी ओळख पहिल्या वर्षापासून हवी, शिफारसपत्रं तेच देतात. सगळे न्यू यॉर्क आणि वॉशिंग्टनच्या मागे लागतात. तिने इंडियाना, विस्कॉन्सिन, आयोवा, केंटकी इथल्या जजना पण अर्ज करावेत, सर्किट जज स्वतःच्या गावात चेंबर्स ठेवतात आणि आर्ग्युमेंटपुरते मुख्य शहरात येतात, एमी कोनी बॅरेट सेव्हन्थवर होत्या तेव्हा त्यांचं चेंबर्स साउथ बेंडला होतं. जमलं तर एक वर्ष डिस्ट्रिक्ट जजकडे आणि एक सर्किट जजकडे करावं, ट्रायल न बघता अपील वाचणाऱ्याला रेकॉर्डमधली माणसं दिसत नाहीत. त्यानंतर असं काम घ्यावं जिथे स्वतः उभं राहायला मिळेल, यू एस अटर्नीचं ऑफिस, फेडरल डिफेंडर, राज्याच्या सॉलिसिटर जनरलचं ऑफिस. मोठ्या फर्ममध्ये पैसा आहे पण तिथे पहिली सात-आठ वर्षं ब्रीफच्या तळटीपा तपासण्यात जाऊ शकतात.

पुण्या-मुंबईहून एलएलएमला येणाऱ्या मुलांनी पण हे वाचलं तर एक सांगतो, एफ-१ वर असताना पगारी फेडरल क्लर्कशिप सहसा मिळत नाही, त्याला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्डाच्या ठरावीक अटी लागतात. तुमच्या लेकीला ती अडचण नाही.

आणि तोवर तिला शनिवार-रविवार सोडून एखाद्या दिवशी सकाळी डर्कसन बिल्डिंगमध्ये पाठवा, डिअरबॉर्न स्ट्रीटवर, आर्ग्युमेंट कुणालाही बसून ऐकता येतं, परवानगी लागत नाही. कॅलेंडर वेबसाइटवर आधी लागतं. त्यातली एक केस निवडून तिच्या ब्रीफ आणि खालच्या कोर्टाचा निकाल आदल्या रात्री पूर्ण वाचून जायला सांगा, आणि स्वतःचा निकाल दोन पानांत लिहून न्यायला सांगा. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी खरा निकाल येईल तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे.